एका कागदावर दोन लिपी

कॉलेजात निवडणुकीची तारीख जाहीर झाली, की उमेदवार मुलांच्या घरी जमिनीवर कार्डशीट पसरले जातात. पालकांना वाटते, हा सगळा वेळ वाया. ‘फ्लेक्स छापून आणा, दहा मिनिटांचे काम,’ असा सल्लाही मिळतो. पण ते नियमात बसत नाही. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी लागू केल्या. त्यांनुसार विद्यार्थी निवडणुकीत छापील पोस्टर वा पत्रक चालत नाही. हाताने केलेलेच पोस्टर लावायचे आणि तेही ठरवून दिलेल्या जागी. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ५,००० रुपये ठरली. पोस्टरचा खर्च त्यातच धरायचा आणि निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यायचा. पैसेवाल्याच्या आणि साध्या घरच्या मुलाच्या हाती एकच ब्रश यावा, हा त्यामागचा लाभ.

हा नियम पाळला नाही तर काय होते, ते दिल्लीने पाहिले. दिल्ली विद्यापीठाच्या २०२४ च्या निवडणुकीत पोस्टरांनी भिंती इतक्या विद्रूप झाल्या, की त्या साफ होईपर्यंत उच्च न्यायालयाने मतमोजणीच थांबवली. मतदान सप्टेंबरात झाले, निकाल लागला नोव्हेंबरात.

आपल्या भागात मात्र आणखी एक प्रश्न येतो : पोस्टर कोणत्या भाषेत करायचे? उणकलला राहणारी माझी एक विद्यार्थिनी दोन मजकूर घेऊन आली होती. कन्नडमध्ये ग्रंथालयाची वेळ वाढवण्याची मागणी होती. मराठीत मात्र ‘आपल्या माणसालाच मत’ एवढेच.

‘मॅडम, मराठी मुलांना तेवढे पुरते, असे काका म्हणतात.’

‘आणि कन्नड मुलांनी ते वाचले तर?’

‘वाचतीलच की. म्हणून तर विचारायला आले.’

तिची शंका रास्त होती. जात-धर्माबरोबर भाषेवरूनही विद्यार्थ्यांत तेढ वाढेल असे काही करू नये, हे लिंगडोह आचारसंहितेत स्पष्ट आहे. पण नियम बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. मराठी मुलालाही ग्रंथालय उशिरापर्यंत उघडे हवे असते. त्याला मुद्दा न सांगता नुसते नाते सांगणे म्हणजे त्याला मुद्दा कळत नाही, असे धरून चालणे. काकांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. नात्यावर मते मिळतात. पण निवडून आल्यावर काम सगळ्यांचे करायचे असते, हे त्यात विसरले जाते.

शेवटी दोन्हीकडे एकच ओळ ठरली. मराठीत ‘ग्रंथालय संध्याकाळी सहापर्यंत’ आणि कन्नडमध्ये ‘ग्रंथालय संजे आरु गंटेवरेगे’. पहिला शब्द तर दोन्ही भाषांचा एकच!

मग आला अक्षरांचा प्रश्न. मराठी अक्षरे शिरोरेषेला एका रांगेत टांगलेली असतात. कन्नडमध्ये प्रत्येक अक्षराचा तलकट्टु वेगळा, अक्षर गोलसर आणि जोडाक्षराचा दुसरा भाग ओत्तक्षर होऊन खाली उतरतो. ‘हुब्बळ्ळी’ कन्नडमध्ये लिहून पाहा, खाली दोन ओत्तक्षरे लोंबतात. म्हणून कन्नड ओळीखाली जागा जास्त सोडावी लागते. ती सोडली नाही, की मुले कन्नड अक्षर बारीक करतात, किंवा मराठी ओळ कोपऱ्यात ढकलतात. मग जी ओळ बारीक, त्या भाषेच्या मुलांना वाटते, आपल्याला मागाहून आठवले. आधी पेन्सिलीने दोन्ही ओळी आखून, उंची सारखी ठेवून, मगच रंग घ्यावा.

एक इंच उंचीचे अक्षर साधारण दहा फुटांवरून सहज वाचता येते. नाव, पद आणि एक मागणी, यापेक्षा जास्त मजकूर कोणी उभे राहून वाचत नाही. पांढऱ्यावर पिवळा रंग दिसत नाही. काळा किंवा गडद निळा उठून दिसतो. सत्र जून-जुलैत सुरू झाले, तर निवडणूक ऐन पावसात येते. पोस्टर कलर पाण्याने ओघळतो, तेव्हा जागा छपराखालची पाहावी, नाहीतर पक्क्या शाईचा मार्कर वापरावा.

पालकांना एवढेच सांगणे, की घरात पोस्टर होत असेल तर रंगाआधी मजकूर दोन्ही भाषांत मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. शेजारच्या अव्वांना आणि आपल्या आज्जींना एकच गोष्ट ऐकू आली, की ब्रश हातात द्यायला हरकत नाही.