गल्लीपर्यंत पोचलेला दवाखाना

पुण्याला गेलेला माणूस बुधवार पेठेत जाऊन आला नाही, असे सहसा होत नाही. दगडूशेठ हलवाई गणपतीचे दर्शन, अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने, तपकीर गल्लीतील विजेच्या सामानाची बाजारपेठ, हे सारे याच भागात. महात्मा फुले व सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा ज्या भिडे वाड्यात सुरू केली, तो वाडाही याच पेठेत होता.

या गजबजलेल्या रस्त्यांच्या मागे काही अरुंद गल्ल्या आहेत. तिकडे पाहून न पाहिल्यासारखे करीत आपण पुढे जातो. देहविक्रय करून पोट भरणाऱ्या स्त्रिया तेथे राहतात. कर्नाटक, आंध्र, बंगाल, नेपाळ आणि आपल्या महाराष्ट्रातूनही त्या आलेल्या आहेत. त्यांची मुलेही तेथेच लहानाची मोठी होतात. या कुटुंबांपर्यंत आरोग्यसेवा कशी पोचली, हे आज पाहू. या प्रश्नाचे उत्तर आपल्या तालुक्यालाही उपयोगी पडणारे आहे.

अंतर किलोमीटरचे नव्हे

बुधवार पेठेपासून महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय आणि सरकारी ससून रुग्णालय फार लांब नाहीत. रिक्षाने काही मिनिटांचा रस्ता. तरीही ही रुग्णालये तेथील बाईला वर्षानुवर्षे दूरच राहिली. याची कारणे साधी आहेत. रात्रभर जागलेली बाई सकाळी नऊ वाजता बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभी राहू शकत नाही. केसपेपरवर पत्ता सांगायचा, तर तो ऐकून समोरच्याची नजर बदलते. नवऱ्याचे नाव विचारले जाते. कानडी किंवा नेपाळी बोलणाऱ्या बाईला आपले दुखणे मराठीत सांगता येत नाही. आणि एका दिवसाची कमाई बुडाली, तर घरमालकिणीचे देणे चढते.

मग दुखणे अंगावर काढले जाते, किंवा जवळच्या दुकानातून गोळ्या आणून वेळ मारून नेली जाते. योग्य वेळी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतले तर बरा होणारा गरमीचा आजार अशाने शरीरात मुरत राहतो.

सर्वांसाठी दार उघडे ठेवले म्हणजे न्याय झाला, असे आपण समजतो. पण ज्याला त्या दारापर्यंत येताच येत नाही, त्याच्यासाठी दवाखान्यानेच चार पावले पुढे यावे लागते. ही रीत पुण्याला नवी नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांना स्वतः नेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात पोचवले. त्याच सेवेत त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

रोग गल्लीत थांबत नाही

भारतात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ साली मद्रासमध्ये आढळली. १९९२ साली पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. या संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी केली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या, म्हणजे ४९.९ टक्के, बाधित आढळल्या. हा व्यवसाय न करणाऱ्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण १३.६ टक्के होते. त्यांतील बहुसंख्य विवाहित होत्या आणि नवऱ्याखेरीज त्यांचा कोणाशी संबंध आलेला नव्हता.

हे आकडे गुप्तरोगाची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रियांचे आहेत, सर्व पुणेकर स्त्रियांचे नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. तरी त्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. रोग गल्लीतून निघून गृहिणीच्या घरात पोचला होता, आणि त्याला तेथे नेणारा पुरुष दोन्हीकडे वावरत होता. मात्र बोटे दाखवली गेली ती गल्लीकडेच.

सेवेची पद्धत बदलली

उपदेशाने किंवा पोलिसांच्या धाडींनी हा रोग आटोक्यात येत नाही, हे अनुभवाने कळले. त्याच वस्तीतील स्त्रियांना बरोबर घेतल्यावर काम पुढे सरकले. बुधवार पेठेत १९९८ साली सुरू झालेला ‘सहेली संघ’ ही या स्त्रियांचीच संघटना. निरोध कसा वापरावा, गिऱ्हाईक नकार देत असेल तर काय करावे, तपासणी कोठे होते, हे त्यांच्यातीलच एखादी ताई समजावून सांगते. बाहेरून आलेल्या डॉक्टरापेक्षा तिचे म्हणणे लवकर पटते, कारण ती त्याच जिन्यावरून वर-खाली करीत असते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमानेही हीच पद्धत देशभर स्वीकारली. त्यानुसार देहविक्रय करणाऱ्या स्त्रीची दर तीन महिन्यांनी वैद्यकीय तपासणी आणि दर सहा महिन्यांनी एचआयव्ही व गरमीसाठी रक्ततपासणी व्हावी, अशी अपेक्षा असते. तपासणीची जागा वस्तीजवळ, वेळ त्यांच्या सोयीची आणि विचारपूस आजाराची, चारित्र्याची नव्हे.

१ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरील औषधे मोफत मिळू लागली. २०१७ पासून तर लागण झाल्याचे निदान होताच उपचार सुरू केले जातात. रोज नियमाने गोळी घेणारा रुग्ण कामधंदा करीत दीर्घायुष्य जगू शकतो. औषधांमुळे रक्तातील विषाणू तपासणीत सापडणार नाहीत इतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मात्र गोळ्या मध्येच सोडल्या की विषाणू पुन्हा वाढतात.

आई आणि मूल

बाधित गरोदर स्त्रीवर उपचार झाले नाहीत, तर गरोदरपणी, बाळंतपणी किंवा अंगावरच्या दुधातून मुलाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर उपचार केल्यास ती ५ टक्क्यांच्याही खाली येते. यासाठी बाईने गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवायला हवे. जिला रुग्णालयाची भीती वाटते ती उशिरा येते, आणि त्या उशिराची किंमत बाळ मोजते.

मुलाची काळजी जन्मानंतरही संपत नाही. लसीकरण, पोषण, शाळा आणि आई कामात असताना सुरक्षित झोपायला जागा, या सगळ्यांची गरज असते. त्यासाठी पाळणाघरे व वसतिगृहे लागतात. ‘वंचित विकास’ या पुण्याच्या संस्थेने अशा मुलांसाठी ‘निहार’ हे वसतिगृह उभारले. आईजवळ राहणाऱ्या मुलाला केवळ तिच्या व्यवसायामुळे तिच्यापासून तोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात म्हटले आहे.

कागद नसेल तर

मार्च २०२० च्या टाळेबंदीत या स्त्रियांची कमाई एका दिवसात थांबली. अनेकींकडे रेशनकार्ड नव्हते. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता त्यांना शिधा देण्याचा आदेश दिला. महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा ५,००० रुपये आणि शाळेत जाणारी मुले असल्यास आणखी २,५०० रुपये देण्याचे ठरवले. रिकाम्या पोटी गोळ्या घेणे कठीण असते. त्यामुळे शिधा आणि ओळखपत्र हेही आरोग्याचेच प्रश्न ठरतात.

आपल्या गावाचे काय?

वाचकहो, बुधवार पेठ आपल्या गावात नसेल. पण ऊसतोडणीची पालावरची कुटुंबे आहेत, वीटभट्टीवरचे मजूर आहेत, गावाबाहेरची भटक्यांची वस्ती आहे. आरोग्य केंद्राच्या वेळेत ही माणसे कामावर असतात. लसीकरणाच्या दिवशी पाल उठून दुसऱ्या गावी गेलेले असते. अशा वस्तीत संध्याकाळी एक फेरी, त्यांच्यातीलच एखादी शिकलेली बाई मदतीला आणि कागदाआधी आजाराची विचारपूस, एवढे जरी जमले तरी पुष्कळ फरक पडेल. ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत ही मागणी आपण करू शकतो.

हे लक्षात ठेवा

एचआयव्हीची तपासणी व समुपदेशन सरकारी रुग्णालयांत मोफत होते. फोनवर माहितीसाठी १०९७ हा निःशुल्क क्रमांक आहे.

एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीविना तपासणी करता येत नाही आणि एखाद्याची लागण उघड करता येत नाही. लागण झाली म्हणून नोकरी, शाळा, घर किंवा उपचार नाकारणे बेकायदेशीर आहे.

एकत्र जेवल्याने, हस्तांदोलनाने, एकच संडास वापरल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही पसरत नाही.

गरोदर स्त्रीने पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवून रक्ततपासणी करून घ्यावी. पतीनेही सोबत जाऊन स्वतःची तपासणी करावी.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी करावी. क्षयरोगाचे उपचारही सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.