परड्यातलं पंचांग

बेळगावच्या जुन्या घरांना पुढे अंगण आणि मागे परडं असायचं. कन्नडमध्ये त्यालाच हित्तलु म्हणतात. आमचं परडं ३० फूट लांब, २० फूट रुंद. त्यात विहीर, कडुलिंब, शेवगा, कढीपत्ता, पारिजातक आणि मोगऱ्याची चार झुडपं. गेल्या वर्षी घरात विषय निघाला, परड्यात सगळीकडे फरशी घालावी. चिखल नको, पालापाचोळा झाडायला नको, शिवाय दोन गाड्या उभ्या राहतील. आधी वर्षभर नीट बघू या, असं मी सुचवलं आणि पाडव्यापासून वहीत रोज दोन ओळी लिहू लागले.

पहिली नोंद कडुलिंबाची. फाल्गुनात पानं गाळून बसलेलं झाड चैत्रात तांबूस पालवी आणि बारीक पांढरा मोहोर घेऊन उभं होतं. आम्ही गुढीला त्याची डहाळी बांधली. धारवाडची सूनबाई युगादीचं बेवु-बेल्ल करते, तिने त्याचाच मोहोर गुळात कालवला. दिवस एकच, झाडही एकच.

मोगरा आम्ही माघात छाटतो. नव्या फुटीवर कळ्या धरतात, म्हणून वैशाखात वळवाची सर येऊन गेली की झुडपं पांढरी होतात. सूनबाईची मल्लिगे आणि माझा मोगरा एकाच गजऱ्यात जातात.

जूनच्या ७-८ तारखेला मिरग निघतो. मृगाचा पाऊस म्हणा की मृगशिरा मळे, आपल्याकडचा शेतकरी दोन्ही भाषांत पाऊस नक्षत्रांवरच मोजतो. ज्येष्ठ संपताना, मण्णेत्तिन अमावास्येला, नातवाने परड्यातली माती मळून बैलांची जोडी केली. त्यासाठी बाजारात जावं लागलं नाही.

श्रावणात कढीपत्त्याच्या पानावर त्याला पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी दिसलं. तो सुरवंट होता! पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून लहानपणी त्याचं रूप तसं असतं. काही दिवसांत तो हिरवागार झाला, मग कोष, मग एके सकाळी काळं फुलपाखरू. कुंपणावर दोडक्याचा वेल चढला होता. नातू त्याला आईसारखा हीरेकायी म्हणतो, भाजी मात्र दोन्ही नावांनी टाळतो.

पावसाचा हिशेबही त्याच वहीत केला. बेळगावात वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं परडं सुमारे ५६ चौरस मीटर. म्हणजे वर्षाला ७० हजार लिटरांहून जास्त पाणी एवढ्याशा जागेत पडतं. काही वाहून जातं, काही उडून जातं, पण बरंचसं मातीत मुरतं. फरशी घातली तर ते सगळं थेट गटारात जाणार. २०२३ साली पाऊस लांबला आणि पुढे कर्नाटकात दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा धुण्याभांड्याचं पाणी आम्हाला याच विहिरीने दिलं होतं. घरातल्यांना हे आकडे वाचून दाखवले, तेव्हा कोणी वाद घातला नाही.

आश्विनात पहाटे पारिजातकाचा सडा, दसऱ्याला झेंडू. झेंडूला कन्नडमध्ये चेंडु हूवु म्हणतात, याचं नातवाला फार हसू येतं. रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेवंतीला कळ्या येतात. तिची सेवंतिगे व्हायला फारसं अंतर लागत नाही. माघात शेवगा फुलला. शेंगा लागल्यावर सूनबाईने नुग्गेकायीचं सांबार केलं, मी आमटी केली.

वर्ष पुरं झालं. एका गाडीपुरते दगड बसवले, तेही मधे मातीच्या फटी सोडून. बाकीचं परडं तसंच आहे. पालापाचोळा मी झाडते आणि झाडांच्याच बुंध्याशी टाकते.

कन्नडमध्ये म्हण आहे, हित्तल गिड मद्दल्ल. परसातलं झाड औषधाला चालत नाही, म्हणजे जवळच्या गोष्टीची किंमत नसते. आपण मराठीत म्हणतो, पिकतं तिथं विकत नाही. फरशीवाल्याला बोलावण्याआधी तुम्हीही एक वर्ष थांबून बघा. परडं नसेल तर गच्चीतल्या चार कुंड्याही चालतील. येत्या पाडव्याला एक वही आणा आणि प्रत्येक झाडाची दोन्ही नावं मुलांकडूनच लिहून घ्या.