शेंगदाणे, ओट्स आणि चॉकलेटची वडी

नानखटाई तुमच्या चांगल्या ओळखीची आहे. ईद जवळ आली की कितीतरी घरांत मैदा, साखर आणि तूप एकत्र मळले जाते. गोळे थाळ्यांत मांडले जातात आणि त्या थाळ्या मोहल्ल्यातल्या बेकरीत भाजायला जातात. भाजून आलेल्या थाळ्यांचा वास गल्लीभर पसरतो. आज आपण अशाच एका भाजलेल्या खाऊची माहिती घेऊ. हा खाऊ मात्र घरीच भाजायचा आहे आणि त्याचे गोळे करायचे नाहीत. सगळे मिश्रण एका चौकोनी भांड्यात थापायचे, भाजायचे आणि मग कापायचे. अमेरिकेत याला बार कुकी म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आधीपासूनच आहे : वडी. तिळाची वडी, नारळाची वडी, तशी ही शेंगदाण्यांची वडी.

ही वडी मी धंतोलीत शिकले. धंतोली ही नागपूरची सीताबर्डीला लागून असलेली जुनी वस्ती. यशवंत स्टेडियम तिथेच आहे. दवाखाने तर इतके, की पत्ता सांगताना लोक रस्त्याचे नाव न सांगता दवाखान्याचेच नाव सांगतात. तिथे मी भाड्याने राहत होते तेव्हा शेजारच्या काकूंकडे लहानसा विजेचा ओव्हन होता. माझी पहिली वडी त्याच ओव्हनमध्ये भाजली आणि ती वडी झालीच नाही. कापायला सुरी लावली आणि सगळ्याचा भुगा झाला. काकू दारातूनच म्हणाल्या, "अगं, गरमच कापून राहिली का तू? थंड तर होऊ दे तिला!"

काकूंचे म्हणणे बरोबर होते. पण थंड झाल्यावर वडी घट्ट का होते, हे मला नंतर कळले. ते समजायचे तर वडीत काय काय असते आणि त्यातले प्रत्येक काय काम करते, हे पाहावे लागेल.

सुरुवात शेंगदाण्यांपासून करू. घरी आपण ज्याला मूंगफली म्हणतो, त्या पिकाला मराठीत भुईमूग म्हणतात. भुई म्हणजे जमीन. गंमत पाहा, उर्दूतही मूंग आहे आणि मराठीतही मूग आहे. उर्दूने त्याच्या फलीकडे, म्हणजे शेंगेकडे पाहिले. मराठीने ती शेंग कुठे लागते, तिकडे पाहिले. भुईमुगाचे पिवळे फूल जमिनीच्या वर उमलते. पण फुलाचे काम झाले की तिथून एक बारीक दांडी खाली वाकते आणि मातीत शिरते. शेतकरी या दांड्यांना आऱ्या म्हणतात. आरीच्या टोकाला जमिनीच्या आत शेंग धरते. हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेतले.

शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मे तेल असते आणि सुमारे पाव भाग प्रथिने असतात. हे तेलच आपल्याला हवे आहे. भाजलेले, सोललेले दाणे मिक्सरमध्ये फिरवायला लागा. आधी कूट होते. चटणीला आणि उसळीला आपण तिथेच थांबतो. थांबू नका. थोड्या वेळाने कुटाचा गोळा होऊन तो भांड्याच्या कडेला चिकटतो. तो चमच्याने खाली ढकला, मिक्सरला दोन मिनिटे विश्रांती द्या आणि पुन्हा फिरवा. मग एकाएकी तो गोळा सैल होतो, चमकू लागतो आणि चमच्यावरून ओघळतो. वरून तेलाचा थेंबही घातलेला नसतो. दाण्याच्या पेशींत कोंडलेले तेल बाहेर आलेले असते. हेच पीनट बटर, म्हणजे शेंगदाण्याचे लोणी. पाण्याचा थेंब मात्र पडू देऊ नका. पडलाच तर लोणी लगेच घट्ट होते आणि पुढे लवकर खराब होते.

अमेरिकेचे कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी पीनट बटरचा शोध लावला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. माँट्रियलचे मार्सेलस एडसन यांना शेंगदाण्याच्या लगद्याचे पेटंट १८८४ सालीच मिळाले होते. कार्व्हर यांचे काम वेगळे आणि माझ्या मते अधिक मोठे आहे. कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग लावा, असे त्यांनी गरीब शेतकऱ्यांना सांगितले. पिकलेल्या शेंगांचे करायचे काय, यासाठी १९१६ साली त्यांनी एक पुस्तिका काढली. तिच्यात शेंगदाण्याचे १०५ प्रकार दिले होते. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे मराठी पुस्तक तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात असेल तर जरूर वाचा.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दाणे भाजण्यापूर्वी ते ताटात पसरा आणि निवडा. सुरकुतलेले, काळपट पडलेले किंवा हिरवट-पिवळी बुरशी आलेले दाणे फेकून द्या. कडू लागलेला दाणा थुंकून टाका. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की या पक्ष्यांची सुमारे एक लाख पिल्ले मेली. कारण सापडेना. शेवटी कळले, की त्यांना शेंगदाण्याची पेंड खायला घातली होती आणि त्या पेंडीवर बुरशी वाढलेली होती. त्या बुरशीतून तयार होणाऱ्या विषाला अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले. ते यकृताला, म्हणजे जिगरला, इजा करते. घरच्या भाजण्याने हे विष पूर्ण जात नाही. 'भाजले की सगळे मरते' ही समजूत इथे उपयोगाची नाही. पावसाळ्यात ओलसर जागी राहिलेले दाणे तर स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

दुसरी वस्तू ओट्स. उर्दू-हिंदीत या धान्याला जई म्हणतात. हे थंड हवेतले धान्य आहे. आपल्या देशात ते बरेचसे जनावरांच्या चाऱ्यासाठी पेरतात. स्कॉटलंडमध्ये मात्र लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याची पेज खात आले. दुकानात मिळणारे ओट्स वाफवून, दाबून चपटे केलेले असतात, आपल्या पोह्यांसारखे. ओट्समध्ये एक प्रकारचा चिकट तंतू असतो. तो पाणी धरून ठेवतो. म्हणून ओट्स मिश्रणातला ओलावा शोषून फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. एकदा घरात ओट्स नव्हते, म्हणून मी जाडे पोहे घातले. वडी झाली, पण खाताना दातांखाली खडे यावेत तसे वाटले.

तिसरी गोष्ट गूळ. चिक्कीत गुळाचा पाक दाण्यांना बांधून ठेवतो, हे तुम्ही पाहिले आहे. पाक गरम असताना वाहतो आणि थंड झाला की कडक होतो. आपल्या वडीतही असेच घडते, पण हळूहळू. ओव्हनमधून काढताना गूळ वितळलेला असतो, तूपही पातळ असते. अशा वेळी सुरी घातली तर वडी धरून ठेवायला काहीच नसते. तासाभराने तूप थिजते, गूळ घट्ट होतो, ओट्सनी उरलेला ओलावा शोषलेला असतो. माझी पहिली वडी का फुटली, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

साहित्य असे घ्या : शेंगदाण्याचे लोणी १५० ग्रॅम, साजूक तूप ६० ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ १२० ग्रॅम, एक अंडे, मैदा किंवा कणीक १०० ग्रॅम, ओट्स १०० ग्रॅम, खायचा सोडा पाव चमचा आणि चिमूटभर मीठ. वरच्या थरासाठी चॉकलेट १२० ग्रॅम. ज्यांच्याकडे अंडे चालत नाही, त्यांनी त्याऐवजी तीन मोठे चमचे दही घालावे. वडी थोडी मऊ होते, एवढेच.

तूप, गूळ आणि शेंगदाण्याचे लोणी एकत्र फेटा. त्यात अंडे घाला. मैदा, सोडा आणि मीठ चाळून घाला, शेवटी ओट्स घाला. आता हात आवरा. मैदा ओला झाला की त्यात चिवट धागे तयार होतात. पोळीच्या कणकेत ते हवे असतात, म्हणून ती आपण तिंबतो. इथे ते नको आहेत. जास्त ढवळले तर वडी खुसखुशीत न होता कडक होते.

आठ इंची चौकोनी भांड्यात बटर पेपर घालून मिश्रण थापा. ओव्हन आधीच १८० अंश सेल्सिअसवर तापवून ठेवा आणि भांडे सुमारे २० मिनिटे आत ठेवा. कडा सोनेरी झाल्या आणि मधला भाग अजून थोडा मऊ दिसला, की बाहेर काढा. 'मध्ये कच्चे आहे' असे वाटून आणखी दहा मिनिटे ठेवाल, तर थंड झाल्यावर दगड मिळेल. गरम भांड्यात आतला भाग बाहेर काढल्यावरही काही वेळ शिजतच असतो.

ओव्हन नसेल तरी चालते. जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर मीठ पसरा, त्यावर लोखंडी कडे ठेवा, झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटे तापवा. मग वडीचे भांडे कड्यावर ठेवून पुन्हा झाका. अर्धा तास तरी लागेल. वरून रंग कमी येतो, चव तीच. यासाठी प्रेशर कुकर कोरडा तापवू नका. तो त्या कामासाठी बनवलेला नाही. गरम भांडे काढताना घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.

आता राहिले चॉकलेट, आणि नागपुरात खरी पंचाईत इथेच आहे. चॉकलेट कोको नावाच्या झाडाच्या बियांपासून बनते. हे झाड मूळचे अमेरिकेतले. आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत त्याची लागवड होते. बियांतल्या स्निग्ध पदार्थाला कोको बटर म्हणतात. ते सुमारे ३४ अंशांना वितळते. आपले शरीर ३७ अंशांचे, म्हणून चॉकलेट जिभेवर विरघळते. पण मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. मग चॉकलेट जिभेपर्यंत पोहोचण्याआधी डब्यातच विरघळते! डिसेंबरात वडीवर ओतलेला थर टेबलावर आपोआप घट्ट होतो. उन्हाळ्यात तो फ्रिजमध्ये घट्ट होतो आणि बाहेर काढला की पुन्हा पातळ होतो.

यावर दुकानदार 'कम्पाऊंड' घ्यायला सांगतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य स्निग्ध चरबी असते. काही कम्पाऊंड उन्हात जरा जास्त टिकतात, पण जिभेवर मेणासारखी लागतात. वेष्टनावर घटकांची यादी छापलेली असते. ती वाचली की हातातली वस्तू कोणती, ते कळते. मला स्वतःला कम्पाऊंड आवडत नाही. उन्हाळ्यात मी वरचा थर देतच नाही. दोन मोठे चमचे कोको पावडर मैद्याबरोबर चाळून मिश्रणातच घालते. पुस्तकी पाककृतीत असे नसते, पण ती पुस्तके नागपुरात लिहिलेली नाहीत.

थंडीत थर द्यायचा असेल तर चॉकलेटचे तुकडे कोरड्या वाटीत घ्या आणि वाटी गरम पाण्यावर धरा. वाफेचे दोन थेंब वाटीत पडले आणि माझे चॉकलेट एकदा क्षणात ओल्या वाळूसारखे झाले. चॉकलेटमधली साखर आणि कोको कोरडे असतात. थोडे पाणी लागताच त्यांच्या गुठळ्या होतात. असे झाले तर फेकू नका. त्यात थोडे गरम दूध घालून ढवळा. ते पुन्हा पातळ होते. वडीवर त्याचा थर घट्ट बसत नाही, पण दुधात घालून पिता येते. चॉकलेटवर कधी पांढुरकी छटा दिसते, ती मात्र बहुधा बुरशी नसते. उष्णतेने कोको बटर वर येऊन थिजलेले असते.

वड्या झाल्या की वाटायचा मोह होतो. देण्यापूर्वी विचारा, "तुला शेंगदाणे चालतात ना?" काही जणांना शेंगदाण्याचे वावडे असते. एवढासा तुकडा खाल्ला तरी अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, श्वास घ्यायला त्रास होतो. श्वासाचा त्रास दिसला तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या. धंतोलीत तो दोन पावलांवर असतो. सगळीकडे तसा नसतो. म्हणून डब्याच्या झाकणावर 'यात शेंगदाणे आहेत' अशी चिठ्ठी लावायची काकूंची पद्धत मी अजून पाळते.

घट्ट झाकणाच्या डब्यात वड्या थंडीत पाच-सहा दिवस चांगल्या राहतात. मे महिन्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि खाण्यापूर्वी पाच मिनिटे बाहेर काढा. डब्याच्या तळाशी नेहमी थोडा चुरा उरतो. माझ्या पहिल्या वडीचा तर सगळाच चुरा झाला होता. काकूंनी तो दोन वाट्यांत घेतला, वरून थंड दूध ओतले आणि एक वाटी माझ्या हातात दिली.