बाहेरून पाहिलेलं देऊळ

आमचं लोणी आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, धामणीच्या खंडोबाजवळचं कोरडवाहू गाव. तिथे मुलीच्या हातात सायकल यायची ती शाळेपुरती. मधे कुठे थांबलं तर आपण घरी पोचायच्या आत बातमी ओट्यावर पोचलेली! बारावीनंतर मी जुन्नरला मावशीकडे राहून कॉलेजला जाऊ लागले, तेव्हा दादांनी माझी लेडीज सायकल एसटीच्या टपावर चढवून दिली. ‘‘कॉलेजपुरती हं,’’ एवढंच म्हणाले.

ही 1998 सालची गोष्ट. इतिहासाच्या तासाला सरांनी पूरच्या कुकडेश्वराचं वर्णन केलं आणि आमच्या टोळक्याने रविवारी सायकलींवर जायचं ठरवलं. चार मुलगे, आम्ही तिघी. मावशीचा होकार मिळवायला तीन दिवस लागले. शेवटी काकाच म्हणाले, ‘‘देवालाच चाललीय ना? जाऊ दे की.’’

जुन्नरहून पूर वीसेक किलोमीटर. आपटाळे मागे पडलं की चढ पायात भरू लागतो. माणिकडोह धरणाचं पाणी, पुढे चावंडचा उभा कातळ. हाच रस्ता पुढे नाणेघाटाकडे जातो. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातला माल त्या घाटाने जुन्नरला चढायचा. घाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. केलेले यज्ञ, दान दिलेल्या गाई, हत्ती, नाणी, सगळ्याची त्यात मोजदाद आहे. सरांनी हे सांगितलं होतं, तेव्हापासून ती राणी माझ्या डोक्यातच बसली होती.

आणि चावंडच्या अलीकडे माझ्या पोटात कळ आली. चार दिवस आधीच. झालं!

सांगणार कुणाला? मैत्रिणीने चेहऱ्यावरून ओळखलं. काही न बोलता स्वतःची ओढणी माझ्या कमरेला बांधली. देवळापाशी पोचल्यावर सगळे चपला काढून आत गेले. ‘‘व्हा पुढे, माझी चेन उतरलीय,’’ मी म्हटलं. चेन जागेवरच होती.

मग मी बाहेरून देवळाला फेरी मारली. एक, दोन, तीन. शिखर नव्हतं. चुना न घालता एकमेकांत बसवलेले दगड, भिंतींवर झिजलेलं कोरीव काम, आवारात विखुरलेले नक्षीचे तुकडे. आमच्याकडे असं कुठलंही दगडी देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणायची पद्धत. पण हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री, आणि कुकडेश्वर बांधल्याचं श्रेय परंपरेने दिलं जातं ते त्याच्या आधी तीनशेहून अधिक वर्षं होऊन गेलेल्या शिलाहार राजा झंझाला. त्याने बारा नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालयं उभारली, असं सांगतात. कुकडी इथलीच. मी दगडावर बसून वहीत जमेल तशी चित्रं काढली.

सोमवारी सरांनी वही पाहिली. खूश झाले. ‘‘बाहेरचं छान टिपलंस. आता आतले खांब कसे आहेत, सांग.’’

मी गप्प. वर्गात मुलगे हसले. सरांना वाटलं, कंटाळा केला. खरं कारण मी सांगितलं नाही; ते सांगता येतं, हेच तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढे लग्न, नारायणगावातलं घर, नोकरी. त्या रस्त्याने गाडीतून कितीदा गेले, पण पूरचा फाटा आला की ‘‘उशीर होईल’’ म्हणत पुढे निघायचं.

गेल्या हिवाळ्यात लेकीने जाहीर केलं, कॉलेजचा ग्रुप सायकलने कुकडेश्वराला चाललाय. आदल्या रात्री डबा भरताना म्हणाली, ‘‘आई, उद्या माझी तारीख आहे. पॅड बॅगेत टाकलेत.’’ तिचे बाबा समोर पेपर वाचत होते. त्यांनी पानसुद्धा हलवलं नाही.

‘‘मग तू बाहेरच...’’ माझ्या तोंडातून निघून गेलं. अर्धंच. खरंच सांगते, ते वाक्य माझं नव्हतं. आईचं, आजीचं, कुणाकुणाचं ते माझ्या जिभेवर राहायला आलेलं होतं.

लेक थांबली. ‘‘बाहेरच काय?’’

‘‘बाहेर ऊन असतं. टोपी ने,’’ मी म्हटलं.

संध्याकाळी परतली ती पाय दाबत. मोबाइल माझ्या हातात दिला. एकामागून एक खांबांचे फोटो. वर, छताचा भार पेलणारे बुटके कीचक, गाल फुगवलेले, पोट सुटलेले, हात वर करून हजार वर्षं तसेच उभे. मी कितीतरी वेळ बघत राहिले.

‘‘तू गेली होतीस ना कॉलेजात असताना? मग असं पहिल्यांदा बघितल्यासारखं काय करतेस?’’

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. चेन, ओढणी, सर, सगळं.

आता माळ्यावरची सायकल खाली आलीय. सीट बदललं, टायर नवे टाकले. रोज पहाटे पाच किलोमीटर चालवते, गुडघे कुरकुरतात. दिवाळीनंतर आम्ही दोघी निघणार आहोत, जुन्नरहून पूर. सरांना द्यायचं उत्तर माझ्याकडे अजून बाकी आहे.