खाडीतला चोणक : ऋतुमान आणि गळाचा विवेक

गोमंतकातील खाड्या आणि खाजणे ह्यांत जे मासे सापडतात, त्यांत चोणकाचा मान मोठा आहे. रायगड जिल्ह्यात ह्याच माशाला जिताडा म्हणतात, ऑस्ट्रेलियात तो बारामंडी ह्या नावाने प्रसिद्ध आहे, आणि शास्त्रज्ञांनी त्यास लॅटीस कॅल्करीफर असे नाव दिले आहे. चवीसाठी तो प्रिय आहेच. शिवाय काठी, रीळ आणि कृत्रिम आमिष घेऊन चोणक गरवण्याचा छंदही मांडवी-जुवारीच्या काठी अनेकांनी जोपासला आहे. हा छंद निर्मळ आनंद देणारा आहे, ह्यात शंका नाही. परंतु ज्या माशाला आपण पाण्याबाहेर काढतो, त्याचे जीवनचक्र ठाऊक नसेल, तर आजचा आनंद उद्याच्या पिढीला महाग पडण्याचा संभव आहे.

नराची मादी होते

चोणकाचे वैशिष्ट्य असे की, बहुतेक मासे प्रथम नर म्हणून वयात येतात आणि पुढे काही वर्षांनी मादी होतात. दीड ते अडीच किलो वजनाचे चोणक बहुधा नर असतात; चार ते सहा किलोंच्या माशांत माद्यांची संख्या अधिक आढळते. एक मोठी मादी एका विणीत लक्षावधी अंडी सोडते. ह्याचा अर्थ उघड आहे. छायाचित्रासाठी जो मोठा मासा हातात धरावासा वाटतो, ती बहुधा खाडीची माताच असते. असे मोजके मासे नाहीसे झाले, तरी लहान नरांची संख्या कितीही असली, तिचा उपयोग होत नाही.

थरथरणारे आमिष

माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत एक रेषा असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातील सूक्ष्म कंपने तिच्या योगाने माशाला जाणवतात. त्यामुळे गढूळ पाण्यातही पळणाऱ्या कोळंबीचा किंवा शेवट्याचा माग चोणकाला लागतो. ह्याच तत्त्वावर थरथरणारे आमिष बेतलेले आहे. शिशाच्या गोळीत बसवलेला गळ, त्यामागे रबरी झालर आणि पुढे धातूचे एक लहान पाते, अशी त्याची रचना असते. दोरी गुंडाळू लागताच पाण्याच्या दाबाने पाते डावी-उजवीकडे झटके घेते आणि सबंध आमिष थरथरू लागते. मूळचे हे साधन अमेरिकेतील सरोवरांतल्या गोड्या पाण्यातील बास माशासाठी निघाले. तथापि दबा धरून भक्ष्यावर झेप घेणाऱ्या चोणकालाही ते भुरळ घालते.

ऋतू आणि भरती-ओहोटी

सरोवरातील मासा मुख्यतः ऋतूप्रमाणे जागा बदलतो; खाडीतील चोणकाला ऋतूबरोबर भरती-ओहोटीचेही बंधन असते. ओहोटी लागली की खाजणाच्या मानशीतून आणि कांदळवनातील ओहोळांतून पाणी बाहेर पडते, व त्याबरोबर कोळंबी आणि लहान मासे वाहत येतात. चोणक त्यांची वाट पाहत मुखाशी थांबतो. म्हणून जाणता गरवणारा घड्याळाआधी पंचांगातील तिथी पाहतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची ओढ अधिक असते.

पावसाळा संपून आश्विन-कार्तिकात पाणी हळूहळू निवळते आणि खारेपणा परत येतो. ह्या दिवसांत पाण्यात थोडा गढूळपणा असेपर्यंत थरथरणारे आमिष विशेष उपयोगी पडते. हिवाळ्यात पाणी स्वच्छ झाले म्हणजे आमिष सावकाश ओढावे, सावलीच्या व खोल जागा धुंडाळाव्यात. चैत्र-वैशाखात खारे पाणी नदीत दूरवर चढते, आणि विणीची वेळ जवळ येऊ लागते. पावसाच्या सुमारास प्रौढ मासे नदीमुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतात. अंड्यांतून निघालेली पिले भरतीबरोबर आत येऊन कांदळवनांत आणि खाजणांच्या आसऱ्याला वाढतात.

मोठा मासा परत सोडावा

समुद्रात 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते, ती माशांच्या विणीसाठीच. खाडीकाठी गळ टाकणाऱ्यानेही त्याच भावनेने हे दोन महिने काठी भिंतीला टेकवून ठेवावी. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात भरतीच्या पाण्यातून 58 सेंटिमीटरांपेक्षा लहान किंवा 120 सेंटिमीटरांपेक्षा मोठी बारामंडी घरी नेता येत नाही. लहान मासा एकदा तरी विणीत सहभागी व्हावा, आणि मोठी मादी शिल्लक राहावी, हा त्यामागील हेतू.

मासा सोडताना काही पथ्ये पाळणे इष्ट होय. उलट काटा चेपून टाकलेला गळ वापरावा, म्हणजे तो चटकन निघतो. हात ओले करून मासा दोन्ही हातांनी आडवा धरावा. जबड्याने उभा लोंबकळत ठेवू नये. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असते, तेव्हा बोटे जपावीत. मासा पाण्यात धरून त्याचे कल्ले नीट हलू लागल्यावरच हात काढावा.

चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलकृषी संशोधन संस्थेने 1997 साली ह्या माशाचे बीज बंदिस्त पाण्यात तयार करण्यात यश मिळवले. त्यामुळे मत्स्यशेतीला बीज मिळू लागले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु मोकळ्या खाडीतला चोणक खाडीतल्याच मातेवर अवलंबून आहे. खाजणाचा बांध आणि मानस पूर्वजांनी सामुदायिक श्रमाने राखली. त्या पाण्यातील मोठी मादी राखण्यासाठी मात्र फार श्रम नकोत. हातातला मासा सोडून देण्याइतके मन पुरे आहे.