पुराच्या दिवसांसाठी घरात कोणते अन्न ठेवावे?

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत बीड जिल्ह्यातील अनेक गावांत पाणी शिरले. अशा वेळी चूल पेटत नाही, गिरणी बंद असते, रस्ताही तुटतो. त्यामुळे उमापूर परिसरातील घरांनी पावसाळ्यापूर्वीच तीन दिवस न शिजवता खाता येईल असे अन्न बाजूला काढावे.

काय ठेवावे?
फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, मुरमुरे, गूळ, सातूचे पीठ, दूध पावडर, ओआरएस. सर्व हवाबंद डब्यात, उंच फळीवर ठेवा. दर महिन्याला जुने वापरून नवे भरा. बुरशी आलेले शेंगदाणे फेकून द्या; त्यातील विष भाजल्याने जात नाही. पिण्याचे पाणी माणशी रोज किमान तीन लिटर धरा.

मधुमेह असल्यास
इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेतले आणि जेवण चुकले, तर रक्तातील साखर धोकादायक घटते. घाम, थरथर, बडबड ही तिची लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीने १०८ला फोन करा. जेवण मिळाले नाही तर औषध किती घ्यायचे, हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.

इतरांसाठी
रक्तदाब असलेल्यांनी फरसाण, लोणचे टाळावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ही यादी डॉक्टरांना दाखवावी. पाच वर्षांखालील मुलांना शेंगदाणे, फुटाणे कूट करूनच द्या. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो.

अन्नाच्या डब्याशेजारीच आठवड्याची औषधे ठेवा.