संगणक गावात आला, वस्तीत आला का?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याविषयी काय सांगितले, ते आमच्या वाचकांना नव्याने सांगावे लागत नाही. खेडे हे कोत्या वृत्तीचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे घर आहे, म्हणून घटनेने खेडे हा घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला, याचे त्यांनी समाधान व्यक्त केले होते. त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १९९८ च्या सुमारास, याच खेड्यात संगणक नेण्याची मोहीम देशात सुरू झाली. खेड्याचा कायापालट होणार, दलाल जाणार, तालुक्याचे हेलपाटे वाचणार, असे मोठमोठ्या सभांतून सांगितले गेले. त्यातले काही खरेही झाले. परंतु आम्ही या सर्व योजनांकडे पाहताना एकच गोष्ट विचारतो. गावात आलेल्या या यंत्राने घटक कोणता मानला? सगळे गाव, की व्यक्ती? आणि व्यक्ती मानली असेल, तर ती कोणती?

आरंभ आपल्या महाराष्ट्रातच झाला. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यात सत्तर गावांसाठी केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून प्रकल्प उभारला. गावोगावी मिळून चोपन्न संगणक केंद्रे निघाली. ऊसनोंद करायची, तोडीची तारीख पाहायची, काट्यावर किती टन भरला ते तपासायचे, बिल जमा झाले का ते विचारायचे, यासाठी सभासद शेतकऱ्याला पूर्वी कारखान्यावर जावे लागे. ते काम गावात होऊ लागले. ही सोय लहान नव्हती. ज्याचा दिवस आणि एस.टी.चे भाडे वाचले, त्याला त्याचे मोल विचारावे.

पुढे २००७ च्या सुमारास संशोधकांनी तेथे पाहणी केली. शिक्षण, आरोग्य, बाजारभाव वगैरे जे जे योजिले होते ते बहुतेक बाजूला राहिले होते आणि यंत्र मुख्यतः उसाच्या हिशेबाला लागले होते. मग त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरच्या संदेशाने तेच काम करून दाखवले, कमी खर्चात. लोकांनी याला तंत्राची गंमत म्हणून वाखाणले. आमचे लक्ष मात्र दुसरीकडे जाते. ज्याच्या नावावर ऊस नाही त्याने त्या केंद्रात जाऊन काय विचारायचे? उसाच्या बांधावर उभा असलेला भूमिहीन मजूर, कोयता घेऊन दूरच्या जिल्ह्यातून आलेली तोडणी करणारी बाई, यांचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. यंत्र कोणाची जात विचारीत नाही हे अगदी खरे. ते खाते नंबर विचारते.

मध्य प्रदेशात १ जानेवारी २००० रोजी धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ सुरू झाले. धार म्हणजे आपल्या महूला लागून असलेला, आदिवासी बहुसंख्य असलेला जिल्हा. येथे ‘सूचनालय’ नावाची केंद्रे गावातील शिकलेला तरुण चालवी आणि त्याचे पोट लोकांनी दिलेल्या शुल्कावर भरे. हातपंप बिघडला आहे अशी तक्रार दहा रुपयांत थेट जिल्ह्याच्या कचेरीत पोहोचे. त्याच वर्षी या योजनेला स्टॉकहोमचे बक्षीस मिळाले. मात्र वीज जाई, टेलिफोनची तार बंद पडे, आणि सर्वांत गरीब माणूस व बायका तेथे फारशा येत नाहीत, हे नंतरच्या पाहणीत दिसून आले. ज्याची रोजी दिवसाला मिळते, त्याने तक्रारीसाठी दहा रुपये आणि अर्धा दिवस घालवायचा, तर तक्रार तशीच मोठी हवी.

पाँडिचेरीकडे एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने १९९८ पासून माहिती केंद्रे काढली. ती काढताना त्यांनी एक अट घातली होती : गावाने दिलेली जागा अशी हवी की तेथे दलितांसह सर्वांना मोकळेपणाने येता येईल. ही अट आम्हांस सर्व यंत्रांहून मोलाची वाटते. संगणक कोणत्या कंपनीचा यावर बैठका होतात. तो कोणाच्या ओट्यावर ठेवला यावर कोणी बोलत नाही. पाँडिचेरीच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या गावांत ध्वनिक्षेपकावरून लाटांची उंची सांगितली जाई, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळे. नल्लवाडू गावच्या एका तरुणाने २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सिंगापूरहून फोन केला, तेव्हा याच ध्वनिक्षेपकाने गावाला त्सुनामीची खबर दिली आणि हजारो जीव वाचले. भोंग्याला सातबारा लागला नाही.

आता घरच्या गोष्टीकडे येऊ.

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. नुसता पाहायला पैसे पडत नाहीत. सहीचा उतारा पंधरा रुपयांत निघतो. ज्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) चार-चार खेपा घालाव्या लागत, तो मोबाईलवर निघतो. आम्ही याचे स्वागतच करतो. तलाठ्याचे दप्तर कोणाच्या वाड्यावर उघडत असे, हे आमच्या वडीलधाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. आज दप्तर उघडे आहे. पण दप्तरात जे लिहिले होते तेच संगणकात उतरले, चुकांसकट उतरले, आणि काही ठिकाणी टंकलेखनाच्या नव्या चुकाही त्यात पडल्या.

वाचकांनी आपला उतारा काढून तीन ठिकाणी बोट ठेवावे. पहिले, महार वतनाची जमीन. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली आणि जमिनी वतनदारांना नव्या शर्तीवर मिळाल्या. अशा जमिनीपुढे ‘भोगवटादार वर्ग २’ असे असते आणि परवानगीवाचून ती विकता येत नाही. ही नोंद चुकून वर्ग १ झाली, तर ती जमीन कोणाच्या घशात जायला वेळ लागत नाही. दुसरे, ‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागलेले असते; धाकट्यांची नावे पन्नास वर्षे कोठेच नसतात. २०१९ साली शेतकरी कुटुंबांना वर्षाला सहा हजार रुपये देण्याची योजना आली, तेव्हा ज्याचे नाव उताऱ्यावर होते त्याचा अर्ज चालला. कसणाऱ्या धाकट्याने काय दाखवायचे?

तिसरे ठिकाण आमच्या माता-भगिनींचे. वारसनोंद करताना आजही कित्येक घरांत ‘मुलींचे हक्कसोड करून घेऊ’ असे सहज बोलले जाते, आणि विधवा सुनेचे नाव तर ‘पुढे बघू’ म्हणून राहून जाते. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढाच हक्क मिळाला आणि हा वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. तरी त्यांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या घरातच बहिणीचे नाव उताऱ्यावर नसावे, याला काय म्हणावे? पूर्वी ‘आम्हांला कुठे कळतं दप्तरातलं’ ही सबब चाले. आता भाची दहावीत असली तरी मोबाईलवर उतारा काढून मामाला दाखवू शकते. कागदावर चूक असेल तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज तहसीलदाराकडे करता येतो; वारसाची नोंद हा फेरफाराचा वेगळा विषय आहे, त्याचा अर्ज वेगळा करावा.

गायरानाचे दुखणे याहून जुने आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. लेकरे कडेवर घेऊन बाया तुरुंगात गेल्या. मराठवाड्यात पडीक गायरान आपल्या माणसांनी दगड वेचून वहितीला आणले. १४ एप्रिल १९९० पूर्वीचा कब्जा नियमित करण्याचा निर्णय सरकारने १९९१ साली काढला, पण ज्यांची नावे लागली त्यांच्यापेक्षा राहिलेल्यांचेच गाऱ्हाणे अधिक ऐकू येते. या माणसांचा पुरावा असतो तो गाव नमुना एक-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत, आणि जुन्या दंडाच्या पावत्यांत. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने पिकाचा फोटो मोबाईलवर काढून ई-पीक पाहणी करायची पद्धत आली. त्या ॲपवर पहिल्यांदा खातेदार निवडावा लागतो. ज्याचे नाव खात्यात नाही, त्याची ज्वारी शेतात डोक्याएवढी उभी असली तरी यंत्राला ती दिसत नाही. नुकसान झाले तरी दिसत नाही. म्हणून या बांधवांनी दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत उंदरांच्या स्वाधीन न करता त्यांचे फोटो काढून दोन-तीन ठिकाणी ठेवावेत, आणि एक-ई ची नक्कल माहितीच्या अधिकारात मागून घ्यावी.

जमीन नसलेल्यांनाही हे यंत्र सोडत नाही. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलवर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी सक्तीची झाली. खोटी नावे रोखणे हा त्यामागील हेतू होता, पण जेथे रेंज नाही तेथे खऱ्या मजुराच्याही घामाची हजेरी लागेना. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी गेली. आधार जोडले नाही म्हणून रेशनकार्ड रद्द झाले आणि पोर उपाशी मेली, असे तिच्या घरच्यांनी सांगितले. मलेरियाने गेली, असे सरकारने सांगितले. कार्ड रद्द झाले होते एवढे तर खरेच. कचेरीत बसून यादीतून एक ओळ पुसायला क्षणभरही लागत नाही, आणि ती ओळ पुसली गेली हे त्या घराला दुकानदाराच्या तोंडून कळते.

याच्या उलट राजस्थानात झाले ते सांगायला हवे. तेथे मजूर-किसान संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या, हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले, आणि त्या चळवळीतून पुढे २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेथील सरकारने ‘जन सूचना’ नावाचे संकेतस्थळ काढले. कोणत्या दुकानातून कोणाच्या नावावर किती धान्य उचलले, कोणाला पेन्शन लागले, हे अर्ज न करता कोणालाही पाहता येते. संगणक तोच, वीज तीच. येथे मात्र तो सरकारला रयत दाखवीत नाही, रयतेला सरकारचा हिशेब दाखवतो.

आपल्याकडे हे काम कोणी करायचे? ग्रामपंचायतीतील सेवा केंद्रावर कोण बसतो ते पाहा. वस्तीतल्या पदवीधर मुलामुलींनी केंद्र चालवायला मिळावे म्हणून अर्ज करावेत, नुसते पुण्या-मुंबईकडे डोळे लावून बसू नये. ज्या बुद्धविहारात वीज आहे, तेथे पौर्णिमेला वंदना झाल्यावर एक तास या कामाला द्यावा. कोणाचे रेशन चालू आहे, कोणाचे पेन्शन थांबले, कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटीत पडला, हे एका मुलीने मोबाईलवर पाहून सांगावे आणि दुसरीने वहीत लिहावे. वही हवीच, मोबाईल हरवतो. जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले नसतील तर नातवाला तो ऐनवेळी सापडत नाही, तेव्हा तो शोधण्याचे काम मूल आठवीत असतानाच हाती घ्यावे.

सेवा केंद्रात गेल्यावर दराचा फलक मागावा, आणि पैसे दिले की पावती घ्यावी. २०१५ च्या सेवा हक्क कायद्याने प्रत्येक अधिसूचित कामाला मुदत ठरलेली आहे. मुदत टळली तर प्रथम अपील, मग द्वितीय अपील, आणि नंतर आयोग. कसूर ठरलेल्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. मात्र अपिलासाठी अर्जाचा क्रमांक लागतो, आणि तो पावतीवर छापलेला असतो.